डिस्ट्रिक्टच्या खर्चाने खासगी स्पेशल स्कूल : न्यू जर्सीत कोणी केलंय का?

शेवंती :

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायला आज बसले. रात्रीचे साडेअकरा झालेत, मुलगा आत्ता कुठे झोपला.

आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. प्रीस्कूलपासून तो आमच्या टाउनच्याच पब्लिक शाळेत, स्पेशल एज्युकेशनच्या वेगळ्या वर्गात आहे. वर्गात आठ मुलं, एक शिक्षिका, दोन एड म्हणजे मदतनीस. शिक्षिका जीव लावते, तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण मुलगा पुढे सरकत नाहीये.

परवा मीटिंगच्या तयारीसाठी जुने आयईपी, म्हणजे शाळा दरवर्षी मुलासाठी लिहिते ते शिक्षणाचे आराखडे, बाहेर काढले. "बाथरूमला जायचं असेल तेव्हा चित्राचं कार्ड देईल, दहापैकी आठ वेळा." हे यंदाचं गोल, म्हणजे ध्येय. गेल्या वर्षीही हेच होतं. त्याच्या आधीच्या वर्षीही हेच. वरची तारीख तेवढी बदललेली. पहिलीत जाईपर्यंत त्याला पंधरा-वीस शब्द येत होते, "पाणी", "दे", "आजी", "नको". आता "नको" तेवढा उरलाय. मनगट चावतो, उजव्या मनगटावर घट्टा पडलाय. नोव्हेंबरात शाळेच्या मागच्या दारातून पार्किंगपर्यंत पळत गेला. हे मला शाळेने नाही सांगितलं, वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या आजीने सांगितलं.

केस मॅनेजरला विचारलं की उत्तर एकच, त्याची प्रगती हळूहळू पण नक्की होतेय.

फेब्रुवारीत एक खासगी शाळा बघून आले. सगळी ऑटिझमचीच मुलं, जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस. एका मुलाला केळं सोलायला शिकवत होते. पंचवीस मिनिटं चाललं ते, कोणी घाई केली नाही. मी गाडीत येऊन रडले. फी वर्षाला 90 हजार डॉलरच्या वर. तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडची बहुतेक मुलं त्यांच्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे गावच्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने, पाठवलेली आहेत, पालकांना एक डॉलरही पडत नाही. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर ते मागायचं कुणाकडे, कसं?

नवरा एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. तो म्हणतो, आपण इथे पाहुणे, सरकारशी भांडण नको. सासूबाई साताऱ्याहून फोनवर म्हणतात, घराजवळची शाळा सोडून लेकराला लांब कशाला पाठवतेस? दोघांनाही उत्तर देता येत नाही मला. एक मैत्रीण म्हणते, कर्ज काढ, सप्टेंबरला आधी त्या शाळेत घाल, पैसे मग डिस्ट्रिक्टकडून मागून घे.

मीटिंग तीन आठवड्यांवर आलीये.

टँपाकर :

आमच्याकडे फ्लोरिडात राज्याची स्कॉलरशिप मिळते. पूर्वी मॅके म्हणायचे, 1999 पासूनची, आता ती दुसऱ्या योजनेत विलीन झालीये. वर्षाला साधारण दहा हजार डॉलर मिळतात. आम्ही ती घेऊन मुलीला खासगी शाळेत घातलंय. पण ती घेतली की डिस्ट्रिक्टकडे आयईपीचे हक्क मागता येत नाहीत, त्यावर पाणी सोडावं लागतं. तुम्ही विचारताय ती गोष्ट पूर्ण वेगळी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हींची सरमिसळ करून सल्ले फिरतात, म्हणून आधीच सांगितलं. न्यू जर्सीचं तिथलेच लोक सांगतील.

रानवारा :

शेवंती, तुला "तू"च म्हणतेय. तुझी पोस्ट सकाळी ट्रेनमध्ये वाचली, आणि ऑफिसात दिवसभर ते केळं सोलणं डोळ्यांसमोरून हललं नाही.

आधी मैत्रिणीच्या सल्ल्याचं, कारण तिथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. असं करता येतं. पण आधी मुलाला हलवून मग डिस्ट्रिक्टला कळवायचं, हे कदापि करू नकोस. अपंग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्राच्या कायद्यात, आयडीईएमध्ये, स्पष्ट लिहिलंय की आपण स्वतः मुलाला पब्लिक शाळेतून काढून खासगी शाळेत घालणार असू आणि खर्च डिस्ट्रिक्टकडून हवा असेल, तर काढण्याच्या आधीच्या शेवटच्या आयईपी मीटिंगमध्ये तसं सांगावं लागतं, नाहीतर किमान 10 कामाचे दिवस आधी लेखी पत्र द्यावं लागतं. पत्रात तीन गोष्टी हव्यात. तुम्ही देऊ केलेली प्लेसमेंट आम्हाला मान्य नाही, त्याची कारणं ही, आणि आम्ही मुलाला अमुक शाळेत सार्वजनिक खर्चाने घालणार आहोत. हे पत्र नसेल तर न्यायाधीश भरपाई कमी करू शकतो, नाकारूही शकतो.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. सन 2019. ऑगस्टच्या शेवटी त्या शाळेत एक जागा रिकामी झाली. शाळेने दोन दिवसांत उत्तर मागितलं. आम्ही भारतातल्या एफडी मोडल्या आणि भरले पैसे. डिस्ट्रिक्टला ईमेल केली सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तीही "आम्ही तिला हलवलं आहे, कृपया नोंद घ्यावी" अशा धर्तीची. पुढे वकिलांनी ती ईमेल वाचली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. शेवटी समझोता झाला. जानेवारीपासूनची पूर्ण फी डिस्ट्रिक्टने घेतली, पण सप्टेंबर ते डिसेंबर आमचे आम्ही भरले. साधारण 31 हजार डॉलर. एका पानाचं पत्र वेळेवर दिलं असतं तर ते वाचले असते.

आता मूळ प्रश्न, डिस्ट्रिक्ट पैसे देतं का. देतं. 1975 च्या कायद्यापासून प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण मिळणं हा त्याचा हक्क आहे. आपल्या इमारतीत ते देता येत नसेल तर दुसरीकडे देणं डिस्ट्रिक्टचं काम. न्यू जर्सीत राज्याने मान्यता दिलेल्या खासगी स्पेशल शाळांची यादीच आहे. इथली भाषा म्हणजे "आउट ऑफ डिस्ट्रिक्ट प्लेसमेंट". त्यात फी, स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि बस, सगळं डिस्ट्रिक्टचं. माझ्या लेकीच्या बसमध्ये एक मदतनीस बाई पण असते, तीही आयईपीत लिहिलेली. म्हणजे मुलाला हलवायच्या आधी, मीटिंगमध्ये, आयईपी ठरवणाऱ्या शाळेच्या टीमकडेच हे मागायचं. टीम हो म्हणाली तर तुला कर्जही नको आणि वकीलही नको. नाही म्हणाली तरच पुढचं.

आणि "नाही" म्हणाले तर ते नाही लेखी माग. न्यू जर्सीत लेखी कळवल्यापासून 15 दिवस असतात. तेवढ्यात मीडिएशन (मध्यस्थी) किंवा ड्यू प्रोसेसचा (सुनावणीचा) अर्ज केला की भांडण मिटेपर्यंत मूल आहे तिथेच राहतं, त्याला स्टे-पुट म्हणतात. तुझ्या बाबतीत याचा उपयोग आज कमी, पण उद्या तो डिस्ट्रिक्टच्या खर्चाने खासगी शाळेत गेला आणि दोन वर्षांनी ते म्हणाले "आता आमचा वर्ग तयार आहे, परत आणा", तर हीच तरतूद त्याच्या बाजूने उभी राहते. मीडिएशन फुकट असतं. मात्र तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. तुझ्याकडे तीन वर्षांचे कागद आहेत, त्यातली जुनी गोष्ट हातातून निसटायला लागलीये हे लक्षात ठेव.

आता ते जुने आयईपी. शेवंती, तुझी केस तुझ्या डायनिंग टेबलावर पडलीये. तिन्ही वर्षांची गोल्सची पानं शेजारी शेजारी ठेवून फोटो काढ. कोलोरॅडोत एक मुलगा होता, एंड्र्यू, ऑटिझमचाच. त्याचीही गोल्स वर्षानुवर्षं तीच पुढे ओढली जात होती, आणि त्याचं वागणं बिघडत गेलं. चौथीनंतर आईबाबांनी त्याला ऑटिझमच्या खासगी शाळेत घातलं, तिथे तो सुधारला, आणि ते फीसाठी कोर्टात गेले. खालच्या कोर्टांनी सांगितलं, पब्लिक शाळेत नावाला का होईना प्रगती होती, तेवढी पुरे. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 0 मतांनी म्हटलं की पुरे नाही. मुलाची परिस्थिती पाहता जी प्रगती योग्य आहे ती व्हावी अशा हिशेबाने आयईपी बांधलेला असला पाहिजे. पुढच्या वर्षी त्याच्या आईबाबांना फीची भरपाईही मंजूर झाली. "हळूहळू पण नक्की" ऐकलं की मला हा मुलगा आठवतो. मीटिंगमध्ये विचार, मनगट चावणं गेल्या मार्चमध्ये दिवसाला किती वेळा होतं आणि या मार्चमध्ये किती? पार्किंगच्या घटनेचा लेखी अहवाल कुठे आहे? त्याच्या पूर्ण रेकॉर्डची प्रत आजच लेखी माग, तो तुझा हक्क आहे.

भरपाईचा हक्क याच्या खूप आधीपासून आहे. मॅसॅच्युसेट्सच्या बर्लिंग्टन गावच्या खटल्यात 1985 ला तो मान्य झाला. 1993 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या शॅनन कार्टरच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की आईबाबांनी निवडलेली शाळा राज्याच्या यादीत नसली तरी चालेल. म्हणजे वाट मळलेली आहे. पण चालायला लांब आहे, आणि तेवढा काळ पैसे आपल्या खिशातले अडकतात. ज्यांच्याकडे मोडायला एफडी नाहीत त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मला आजही छळतो. आमच्या सपोर्ट ग्रुपमध्ये एक बाई होत्या, नवरा गॅस स्टेशनवर. त्यांच्या मुलाची गरज माझ्या लेकीहून मोठी होती. ते मूल अजून त्याच वर्गात आहे.

सासूबाईंचं. माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. तिला मी उत्तर दिलं नाही. ती इथे आली तेव्हा सकाळी बसपाशी घेऊन गेले. लेक रोज पन्नास मिनिटं जाते, पन्नास मिनिटं येते. आमच्या गल्लीतली मुलं तिला ओळखत नाहीत, हॅलोवीनला आमचं दार वाजवतात आणि तिच्याकडे बघून आईमागे लपतात. हे गमावलंय आम्ही, आणि ते भरून निघालेलं नाही. पण लेक पंधरा वर्षांची आहे, स्वतः बाथरूमला जाते, टॅब्लेटवर बटणं दाबून बोलते. गेल्या दिवाळीत तिने तीन बटणं दाबली. "आई. चकली. अजून."

शेवंती :

रानवाराताई, तीन वेळा वाचलं. आभार कसे मानू कळत नाही.

दोन गोष्टी विचारू का? एक, व्हिसाचं. नवऱ्याला खरंच भीती वाटते की हे कुठेतरी नोंदलं जाईल. दुसरं, मीटिंगमध्ये सहा-सात जण असतात, भराभर बोलतात. माझं इंग्रजी कामापुरतं ठीक आहे, पण मुलाबद्दल बोलायला लागले की शब्दच फुटत नाहीत. सही करून घरी येते आणि रात्री आठवतं काय काय बोलायचं राहिलं.

रानवारा :

व्हिसाचं. आयडीईएमध्ये मुलाचं किंवा आईबाबांचं इमिग्रेशन स्टेटस हा मुद्दाच नाही. ग्रीन कार्डच्या वेळी पब्लिक चार्ज म्हणून, म्हणजे माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का म्हणून, जे पाहतात त्यात सरकारी शाळेचं शिक्षण मोजत नाहीत. ड्यू प्रोसेस ही प्रशासकीय सुनावणी असते, तिथे कोणी गुन्हेगार नसतं. आम्हीही तेव्हा एच-वन-बीवरच होतो. तुझ्या नवऱ्याला सांग, हे सरकारशी भांडण नाही, सरकारनेच लिहून दिलेल्या कायद्यावर बोट ठेवणं आहे.

मीटिंगचं. दुभाषा मागता येतो, मराठीचा सुद्धा, आणि तो आणायचा डिस्ट्रिक्टने. आत्ताच लेखी कळव, त्यांना शोधायला वेळ लागतो. इंग्रजी येतं म्हणून लाजू नकोस. मी सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढलीत, तरी लेकीबद्दल बोलताना मराठीच हवी असते मला. आणि टेबलावर सही करायचीच नाही. हजेरीची सही वेगळी, संमतीची वेगळी. "घरी नेऊन वाचते" हे पुरेसं उत्तर आहे.

आणखी एक, या निमित्ताने. "घरी फक्त इंग्रजी बोला म्हणजे त्याचा गोंधळ होणार नाही" असं कोणी सांगितलं असेल तर ऐकू नकोस. आम्ही ऐकलं. दोन वर्षं घरात सगळे तुटक इंग्रजीत बोलत होतो आणि माझी आई लेकीशी बोलायचीच बंद झाली. ती दोन वर्षं मला परत हवी आहेत. तुझ्या मुलाचे गेलेले शब्द मराठी होते, हे मीटिंगमध्ये सांग. त्याची चाचणी कुठल्या भाषेत घेतली तेही विचार, कारण मुलाच्या भाषेत तपासणी व्हावी असं कायदाच म्हणतो.

नदीकाठ :

थोडं वेगळं मत मांडतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा, आम्ही समरसेट काउंटीत. आम्हीही खासगी शाळा मागायला गेलो होतो. टीमने उलट प्रस्ताव दिला. वर्गात बीसीबीए, म्हणजे वर्तनाचा प्रमाणित तज्ज्ञ, आठवड्याला सहा तास, स्वतंत्र एड, वर्तनाचा नवा आराखडा, आणि आम्हा दोघांना घरी महिन्यातून दोनदा प्रशिक्षण. आम्ही सहा महिन्यांची मुदत घातली, आकडे आधीच ठरवले. पाचव्या महिन्यात फरक दिसला. आज तो संगीताच्या आणि पीईच्या तासाला सगळ्या मुलांबरोबर बसतो.

या राज्यात उलट्या दिशेचं भांडणही मोठं झालंय. क्लेमेंटनचा राफाएल ओबर्टी, डाउन सिंड्रोमचा मुलगा. डिस्ट्रिक्ट त्याला वेगळ्या वर्गात पाठवत होतं आणि आईबाबा म्हणत होते, आमचं मूल शेजारच्या मुलांबरोबर शिकेल. 1993 मध्ये ते जिंकले. मुलाला होईल तितकं इतर मुलांमध्ये ठेवायचं, हाही कायद्याचाच भाग आहे. तेव्हा खासगी शाळा हेच बक्षीस समजू नका, एवढंच. अर्थात तीन वर्षं तेच गोल आणि पार्किंगची घटना लपवणं, हे वाचून मला वाटतं की तुमच्याकडे धीर धरण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

खडूफळा :

मी टेबलाच्या पलीकडे बसते. न्यू जर्सीतल्याच एका डिस्ट्रिक्टच्या चाइल्ड स्टडी टीममध्ये एलडीटीसी, म्हणजे शिकण्यातल्या अडचणींची तज्ज्ञ शिक्षिका आहे, चौदा वर्षं. माझं डिस्ट्रिक्ट शेवंतींचं नाही.

आमच्या बाजूचं आधी सांगते. टीममधले बहुतेक लोक "नाही" म्हणायला बसलेले नसतात. पण आउट ऑफ डिस्ट्रिक्टचं नाव निघालं की वरून प्रश्न येतात. एका मुलाची फी, बस, मदतनीस मिळून एका शिक्षकाच्या पगाराहून जास्त जातात. राज्याकडून मदत मिळते, तिला एक्स्ट्राऑर्डिनरी एड म्हणतात. खासगी शाळेची फी 55 हजारांच्या वर गेली तर वरच्या रकमेचा 75 टक्के भाग परत द्यायचा असं सूत्र आहे. प्रत्यक्षात येतं त्याहून कमी, आणि येतं तेही खर्च झाल्यावर. खर्च हे प्लेसमेंट नाकारायचं कारण असू शकत नाही, आणि मीटिंगमध्ये ते कोणी उच्चारतही नाही. पण तो खोलीत असतो. मला याचा त्रास होतो. गावाच्या करातून एका आईच्या मुलाचा खर्च दुसऱ्या आईच्या मुलासमोर मांडला जावा अशी ही रचना आहे, आणि ती बदलायला हवी.

आता तुमच्यासाठी. मीटिंगमध्ये एका शाळेचं नाव घेऊन सुरुवात करू नका. मुलाला काय हवंय ते आधी सांगा. एकास एक शिकवणं, दिवसभर वर्तनाची नोंद ठेवणारं प्रशिक्षित माणूस, दारं सुरक्षित असलेली इमारत, उन्हाळ्यातही खंड न पडणारा कार्यक्रम. मग विचारा, यातलं काय तुम्ही इथे देऊ शकता? उत्तर मीटिंगच्या लेखी नोंदीत लिहायला लावा. गरज मान्य झाली की प्लेसमेंटचा मुद्दा आपोआप येतो. टीम तयार झाली तर तुमची परवानगी घेऊन मुलाची कागदपत्रं तीन-चार मान्यताप्राप्त शाळांना जातात, शाळा मुलाला बघायला बोलावतात, आणि जागा असेल तर घेतात. तुम्हाला आवडलेली शाळा त्या यादीत असावी असा आग्रह जरूर धरा, पण तिथे जागा मिळेलच असं डिस्ट्रिक्टही सांगू शकत नाही.

टीमने केलेली तपासणी पटत नसेल तर स्वतंत्र तपासणी डिस्ट्रिक्टच्या खर्चाने मागा. आमच्यापुढे दोनच रस्ते उरतात. पैसे द्या, नाहीतर 20 दिवसांच्या आत आमची तपासणी बरोबर होती हे सिद्ध करायला स्वतः सुनावणीचा अर्ज करा. रानवाराताईंच्या लिहिण्यात हे आलं नाही. माझ्या मते तुमचं सगळ्यात उपयोगी पाऊल हेच आहे. बाहेरच्या मानसशास्त्रज्ञाने वर्गात दोन दिवस बसून लिहिलेला अहवाल आला की टीममधल्या माझ्यासारख्या माणसालाही वर जाऊन बोलायला हातात काहीतरी मिळतं.

वकिलाकडे लगेच धावू नका, पण पत्र वकील वाचणार आहे असं समजूनच लिहा. एसपीएएन ही नेवार्कची संस्था पालकांना फुकट मार्गदर्शन करते, आधी त्यांना फोन करा. शाळेने दरवर्षी तुम्हाला हक्कांची पुस्तिका दिली असेल, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आम्ही तिला प्राइझ म्हणतो. ती एकदा बसून वाचा. बहुतेक पालकांची ती ड्रॉवरमध्ये कोरी पडलेली असते, कारण आम्ही ती देताना वाचून दाखवत नाही.

रानवारा :

खडूफळा, मनापासून आभार. स्वतंत्र तपासणीचं माझ्याकडून राहूनच गेलं. आमचीही बाजी तिथेच पलटली होती.

वकिलाबद्दल मात्र थोडा मतभेद आहे. धावू नकोस हे खरं, पण एक तासाचा सल्ला पैसे देऊन मीटिंगच्या आधीच घे. न्यू जर्सीत 2008 पासून आपल्याला एक मोठा आधार आहे. आपला कार्यक्रम योग्य होता हे सुनावणीत डिस्ट्रिक्टला सिद्ध करावं लागतं, बऱ्याच राज्यांत ते ओझं पालकांवर असतं. पण तू निवडलेली शाळा मुलाला योग्य आहे, हे तुलाच दाखवावं लागेल. जिंकलीस तर वकिलाची फी परत मिळू शकते, तज्ज्ञांच्या साक्षीचे पैसे मात्र नाहीत, सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या निकालापासून. हे गणित आधी डोळ्यांसमोर हवं.

शेवंती :

मंडळी, चार दिवस लागले पण पत्र लिहिलं. रेकॉर्डची प्रत मागितली, दुभाषा मागितला. एसपीएएनमधल्या बाई फोनवर चाळीस मिनिटं बोलल्या. काल नवऱ्याने तिन्ही आयईपी जमिनीवर पसरले आणि एकेक गोल मोठ्याने वाचलं. तिसरं वाचताना त्याचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, मीटिंगला मी सुट्टी काढतो.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर मुलाचं मनगट दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. आज सकाळी त्यांचा मेसेज आला, बसला किती वेळ लागतो ते विचार, त्याला वाटेत भूक लागेल.

पत्राचा मधला भाग मराठीत इथे टाकतेय, ताई बघाल का?

"गेली तीन वर्षं आमच्या मुलाच्या आयईपीत संवादाचं आणि बाथरूमचं गोल शब्दशः तेच आहे. या काळात त्याचे बोलले जाणारे शब्द पंधराहून एकावर आले. मनगट चावण्यामुळे कायमची खूण झाली आहे. नोव्हेंबरमध्ये तो इमारतीबाहेर पार्किंगपर्यंत गेला, त्याची माहिती आम्हाला दिली गेली नाही. त्याला त्याच्यासाठी सर्वात उत्तम शाळा मिळावी अशी आमची इच्छा आहे. टीमने स्वतंत्र तपासणीला मंजुरी द्यावी आणि मान्यताप्राप्त खासगी शाळांचा विचार करावा अशी विनंती करतो."

रानवारा :

पहिली चार वाक्यं तशीच ठेव, एक शब्दही बदलू नकोस.

"सर्वात उत्तम शाळा" काढ. कायद्याने मुलाला उत्तम शिक्षण द्यायचं कबूल केलेलं नाही, योग्य शिक्षण द्यायचं केलंय. तू "उत्तम" लिहिलंस की समोरचा वकील तेवढाच शब्द अधोरेखित करेल आणि म्हणेल, बघा, यांना आमच्यापेक्षा चांगलं हवंय एवढीच तक्रार आहे. त्या जागी लिही, "सध्याच्या कार्यक्रमात त्याला योग्य शिक्षण मिळत नाही." स्वतंत्र तपासणी मागताना "टीमची तपासणी आम्हाला मान्य नाही" हे वाक्यही लागेल, ते त्याच्या आधी घाल.

सोमवारी सकाळी ईमेल कर, आणि एक प्रत ऑफिसात हातोहात देऊन दुसरीवर तारखेचा शिक्का मारून घे. आणि सासूबाईंना सांग, बसमध्ये खाऊ देत नाहीत, पण उतरल्या उतरल्या शाळेत देतात. आमचीला पहिली दोन वर्षं रोज तूप-साखरेची पोळी लागायची.